सुट्टीवर घरी येणारा पायलट गणवेशात का येत नाही?

अमळनेरकडच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचा धाकटा भाऊ अलीकडेच एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून लागला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो मुंबईहून विमानाने जळगावला येणार आहे. घरच्यांची इच्छा अशी, की त्याने गणवेशातच उतरावं. आबा, माय, काका-काकू, भावकीतले चार लोक, सगळे घ्यायला जाणार आहेत. भाऊ म्हणतो, गणवेश घालता येणार नाही. ताईंना वाटतं तो उगाच लाजतोय, कारण त्यांनी स्वतः मागे एका विमानात दोन पायलट गणवेशात प्रवाशांच्या रांगेत बसलेले पाहिलेत. त्यात आबांना स्टाफच्या तिकिटावर फिरवून आणायचं ठरलंय आणि भावाने निरोप धाडलाय, 'कपड्यांचे नियम असतात, आबांना पँट-शर्ट शिवून ठेवा.' आबांनी उभ्या जन्मात धोतर सोडलेलं नाही. ताई विचारतात, हे खरोखर नियम आहेत, की पोराच्या डोक्यात शहर शिरलंय?

मी विमान कंपनीत कॅप्टन होतो, नंतर नव्या पायलटांना शिकवत आलो, आणि मूळचा धुळे जिल्ह्यातला आहे. म्हणून आधी निकाल सांगतो आणि मग कारणं. गणवेशाच्या बाबतीत तुमचा भाऊ बरोबर आहे. तुम्ही पाहिलेले दोन पायलटही बरोबर होते. आबांच्या धोतराबद्दल मात्र भावाने नियम नीट वाचलेला दिसत नाही.

ताई, तुम्ही कपड्यांबद्दल विचारलंत, पण त्याआधी पाहावं लागतं ते हे, की तो माणूस त्या विमानात कोणत्या नात्याने बसलाय. पायलट प्रवासी म्हणून बसतो तेव्हा तीन शक्यता असतात. कंपनीनेच कामासाठी त्याला एका गावाहून दुसऱ्या गावी पाठवलेलं असतं, किंवा तो सुट्टीवर असून कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या सवलतीच्या तिकिटावर चाललेला असतो, किंवा तुमच्या-माझ्यासारखं पूर्ण पैसे भरून तिकीट काढलेलं असतं. तिन्ही वेळा माणूस तोच, पण नियम निराळे.

हे नियम करतं कोण, तेही सांगतो, कारण यावर बरेच गैरसमज आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे आपण ज्याला डीजीसीए म्हणतो, ते पायलटचं लायसन्स, वैद्यकीय तपासणी, ड्यूटीचे तास, विश्रांती, दारूची चाचणी या गोष्टींवर काटेकोर असतं. प्रवासी म्हणून बसलेल्या पायलटने काय घालावं हे ठरवते त्याची कंपनी. प्रत्येक कंपनीची गणवेशाची नियमावली असते आणि तिच्यात केसांच्या लांबीपासून मोज्यांच्या रंगापर्यंत सगळं लिहिलेलं असतं. त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या भावाच्या कंपनीचा. मी पुढे जे सांगतोय ती सर्वसाधारण रीत आहे.

आता तुम्ही पाहिलेले ते दोघे. ते बहुधा कामावर होते. समजा नागपूरला उद्या पहाटे विमान न्यायचंय आणि पायलट मुंबईत आहेत, तर कंपनी त्यांना आदल्या दिवशी आपल्याच एखाद्या विमानात सीट देऊन नागपूरला पोचवते. याला पोझिशनिंग म्हणतात. आपल्याकडे कंपनीत बोलताना सरळ 'एसओडीवर चाललोय' असं म्हणतात, म्हणजे स्टाफ ऑन ड्यूटी. भुसावळच्या रेल्वेवाल्या घरांना हे समजावून सांगायला नको. मालगाडी पोचवून ड्रायव्हर दुसऱ्या गाडीत बसून परत येतो, त्याला ते 'स्पेअर' येणं म्हणतात. तसंच हे. बसलेला दिसतो, पण ड्यूटीवर असतो. डीजीसीएच्या नियमात हा वेळ ड्यूटीत धरला जातो. उड्डाणाच्या तासांत मात्र तो धरत नाहीत, लॉगबुकात त्याची नोंद होत नाही.

अशा वेळी बहुतेक कंपन्या गणवेश घालायला सांगतात, निदान उतरल्यावर लगेच विमान चालवायचं असेल तर नक्कीच. कारण सरळ आहे. एका विमानातून उतरून दुसऱ्या विमानाकडे जायला कधी कधी जेमतेम वेळ असतो, त्यात कपडे कुठे बदलणार? आणि क्रूच्या दाराने आत जायचं तर गणवेश, गळ्यातलं ओळखपत्र आणि विमानतळ प्रवेशाचा पास हे तिन्ही जुळावं लागतं. उलट, काम संपवून नुसतं घरच्या तळावर परत यायचं असेल, तर काही कंपन्या साध्या फॉर्मल कपड्यांची मुभा देतात.

गणवेशात प्रवाशांमध्ये बसणं सोपं नाही, हे मी नव्या पोरांना नेहमी सांगायचो. विमान दार लावून उभं आहे, एसी पुरेसा चालत नाही, अर्धा तास झाला तरी हलत नाही. आधी लोक केबिन क्रूला विचारतात. मग एकेकाची मान वळते ती बाराव्या रांगेतल्या पांढऱ्या शर्टाकडे. 'कॅप्टन, काय प्रॉब्लेम आहे?' त्याला बिचाऱ्याला तुमच्याइतकंच माहीत असतं. कॉकपिटमध्ये बसलेल्यांचं एटीसीशी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाशी, काय बोलणं चाललंय ते त्याला ऐकू येत नाही. पण त्याने खांदे उडवले तर लोक घाबरतात, आणि अंदाजाने काही सांगितलं तर तेच कंपनीचं उत्तर ठरतं. तो डुलकी घ्यायला लागला तर कुणीतरी फोटो काढतो आणि 'पायलट ड्यूटीवर झोपला' म्हणून संध्याकाळपर्यंत गावोगाव फिरतो. खरं तर त्याने झोपलेलंच बरं असतं, कारण पुढे त्याला विमान न्यायचं असतं.

म्हणून मुरलेले पायलट काय करतात ते पाहा. जागेवर बसायच्या आधीच खांद्यावरच्या पट्ट्या लूपमधून ओढून काढतात, फर्स्ट ऑफिसरच्या साधारण तीन आणि कॅप्टनच्या चार, आणि खिशात टाकतात. टाय काढून ठेवतात, ओळखपत्र शर्टाच्या आत घालतात, वरून कुठलंही चिन्ह नसलेलं गडद जॅकेट चढवतात. कॅप असेल तर ती बॅगेत. आता तो पांढरा शर्ट घातलेला एक प्रवासी. दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसायचं असेल तर हे जास्तच पाळतात, कारण तिथल्या प्रवाशांना आपल्या गणवेशातला माणूस पाहून गोंधळायचं काही कारण नाही. आणि गणवेशात असताना दारूला हात लावायचा नाही, याला कुठल्याच कंपनीत अपवाद नाही. आपल्याकडे उड्डाणाआधीचे १२ तास तर पायलटला दारू वर्ज्यच आहे, मग अंगावर काहीही असो.

आता तुमचा भाऊ. तो सुट्टीवर येतोय, म्हणजे कंपनीच्या कामावर नाही. सुट्टीत गणवेश घालून प्रवास करायचा नाही, हे जवळजवळ सगळीकडे ठरलेलं आहे, आणि यात मोठा भाग सुरक्षेचा आहे. २०१९ साली दिल्ली विमानतळावर एक माणूस पकडला गेला. एका परदेशी विमान कंपनीच्या कॅप्टनचा गणवेश घालून तो कोलकात्याच्या विमानाला चालला होता. पायलट नव्हताच. रांगा टाळाव्यात, मान मिळावा, चांगली सीट मिळावी, एवढ्यासाठी तो हे करत होता. २०२४ मध्ये त्याच विमानतळावर असाच आणखी एक सापडला. असे लोक पकडणं एका गोष्टीमुळे सोपं जातं: खरा पायलट कामाशिवाय गणवेश घालत नाही, त्यामुळे गणवेश दिसला की 'फ्लाइट कुठली, ड्यूटी कुठली' असं विचारता येतं. खरे पायलटच हौसेने गणवेशात फिरायला लागले तर दारावरच्या सीआयएसएफच्या जवानाने कुणाला थांबवायचं?

दुसरं कारण आणीबाणीचं आहे. विमानात काही घडलं तर घाबरलेला माणूस गणवेशाकडे धावतो. त्या दिवशी हुकूम देण्याचा अधिकार ज्यांना आहे, त्यांच्याच अंगावर गणवेश असलेला बरा. मग सुट्टीवरच्या पायलटचा उपयोग होत नाही का? होतो, आणि कसा होतो ते १९८९ साली अमेरिकेतल्या युनायटेड कंपनीच्या २३२ क्रमांकाच्या उड्डाणात जगाने पाहिलं. डीसी-१० विमानाचं शेपटाकडचं इंजिन फुटलं आणि त्याबरोबर तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या, विमान वळवायलाच काही उरलं नाही. प्रवाशांत डेनिस फिच नावाचे त्याच प्रकारच्या विमानाचे प्रशिक्षक पायलट बसले होते. त्यांनी एअर होस्टेसला आपण कोण ते सांगितलं, मदत हवी का असं कॅप्टनला विचारायला लावलं, आणि मग कॉकपिटमध्ये गुडघ्यांवर बसून उरलेल्या दोन इंजिनांची ताकद कमी-जास्त करत विमान सू सिटीपर्यंत आणायला हात दिला. विमानातल्या २९६ पैकी १८४ माणसं वाचली. यातला 'आपण कोण ते सांगितलं' हा भाग माझ्या दृष्टीने फार मोलाचा आहे. मी आजही विमानात चढताना दारातल्या सिनियर केबिन क्रूला हळूच सांगतो की मी पायलट आहे, अमुक सीटवर आहे, काही लागलं तर सांगा. तुमच्या भावानेही ही सवय लावून घ्यावी. त्याला गणवेश लागत नाही.

शिरपूर, धुळे, जळगाव इथे विमान शिकणाऱ्या मुलांनाही हेच सांगेन. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्टी, गळ्यात कार्ड, अशी मुलं आता आपल्याकडे एसटी स्टँडवर दिसतात आणि पाहून मला फार आनंद होतो. आपल्या भागात विमान म्हणजे आकाशातून जाणारी रेघ होती, आता आपली पोरं तिथे आहेत. पण पोरांनो, धावपट्टीवरून निघालात की त्या पट्ट्या काढून ठेवा. ही सवय आत्ता लागली तर पुढे कंपनीत शिकवावी लागत नाही.

आता आबा. स्टाफच्या तिकिटाला कपड्यांचे नियम असतात, हे भावाचं म्हणणं खरं आहे. पूर्वी तर हे नियम फारच कडक असत. परदेशातल्या कित्येक कंपन्यांत सवलतीच्या तिकिटावर जाणाऱ्याला कोट-टाय लागायचा, कारण रिकामी सीट बहुधा पुढच्या महागड्या वर्गात असायची. आता बरंच सैल झालंय, तरी नियम गेलेला नाही. २०१७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत डेन्व्हरहून मिनियापोलिसला निघालेल्या दोन मुलींना युनायटेडने लेगिंग्जमुळे चढू दिलं नाही. केवढा गदारोळ झाला! कंपनीने सांगितलं, की पैसे भरून येणाऱ्यांना हे बंधन नाही, या मुली कर्मचाऱ्याच्या पासवर होत्या. नियम योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल. माझं मत विचाराल तर अशा मुलींच्या बाबतीत तो तारतम्याने पाळायला हवा होता. पण यातून एक कळतं, की स्टाफच्या तिकिटावर बसणारा घरचा माणूस कंपनीच्या दृष्टीने पाहुणा नसतो, तो कंपनीचाच असतो.

मी पाहिलेल्या नियमावल्यांत नको असतात त्या गोष्टी अशा: हाफ पँट, बनियन किंवा बिनबाह्यांचा टी-शर्ट, फाटकी जीन्स, जिमचे कपडे, झोपायचे कपडे, रबरी चपला, अंगावर वाह्यात मजकूर छापलेला शर्ट. हवे असतात ते स्वच्छ, धुतलेले, नीटनेटके कपडे. पारंपरिक पोशाख चालतोच. कडक इस्त्रीचं धोतर, सदरा आणि पांढरी टोपी घातलेले आबा कुठल्याही कंपनीच्या काउंटरवर उभे राहिले तरी कुणी बोट ठेवणार नाही. मायचं नऊवारीही तसंच. ताई, पँट शिवू नका. ज्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसायचंय, त्याला त्याच दिवशी परक्या कपड्यांत अवघडून बसवू नये.

उलट मी सुती धोतराच्या बाजूने एक गोष्ट सांगेन. विमानात आग लागलीच तर नायलॉन-पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं, सुती कापड तसं वितळत नाही. म्हणून केबिन सुरक्षेचं शिकवताना आम्ही सुती कपडे आणि पायात घट्ट बसणारी पादत्राणं यांचा आग्रह धरतो. अडचण असेल तर सोग्याची आहे. घाईत उतरायची वेळ आली तर धोतर पायात यायला नको, म्हणून त्या दिवशी सोगा लोंबता न ठेवता नीट खोचायला सांगा. आणि चपलेऐवजी मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट घाला, एवढा एक बदल आबांनी करावा.

सुरक्षा तपासणीचं आधीच सांगून ठेवा, म्हणजे आबा गोंधळणार नाहीत. कमरेला चांदीचा करदोडा असेल तर यंत्र वाजू शकतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जवान हातातलं यंत्र फिरवून पाहतो, 'करदोडा आहे' म्हणून सांगायचं. टोपी काढून दाखवायला सांगितली तर काढायची. अडकित्ता मात्र खिशात किंवा हातातल्या पिशवीत नको, तो चेक-इनच्या बॅगेत टाका. काडेपेटी तर कुठल्याच बॅगेत नको. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांचे अडकित्ते त्या ट्रेमध्ये राहून जाताना मी पाहिलेत, आणि त्यातले काही त्यांच्या वडिलांच्या हातचे असतात.

स्टाफच्या तिकिटाबद्दल कपड्यांपेक्षा मोठी गोष्ट घरच्यांना माहीत हवी. ते तिकीट बहुतेक वेळा 'सीट उरली तर' या अटीवर असतं. पैसे भरलेला प्रवासी आला की आपण मागे. आणि आखाजी म्हणजे आपल्याकडचा ऐन उन्हाळा. जळगावला पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा हवा विरळ होते, पंखांना आणि इंजिनाला तिच्यातून कमी जोर मिळतो, आणि तेवढ्याच धावपट्टीवरून तेवढंच वजन उचलता येत नाही. मग विमान कंपनी वजन कमी करते. सीट रिकामी दिसत असूनही माणूस घेत नाहीत आणि सगळ्यात आधी थांबतो तो स्टाफच्या तिकिटावरचा. अशा वेळी काउंटरवर वाद घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही, 'आमना पोऱ्या पायलट से' असं तर मुळीच सांगायचं नाही. त्याची तक्रार थेट त्याच्या कंपनीकडे जाते आणि सवलत बंद होऊ शकते. आबांना नेताना शक्यतो सकाळचं उड्डाण पाहा आणि परतीच्या वेळी रेल्वेचं आरक्षण हाताशी ठेवा. एखाद्या लग्नाची तिथी गाठायची असेल तर स्टाफच्या तिकिटाच्या वाटेला जाऊच नका, पूर्ण पैशाचं काढा.

भाऊ स्वतः येणार ते विमान त्याच्या कंपनीचं आहे की दुसऱ्या, हेही विचारा. जळगावला सगळ्या कंपन्या येत नाहीत. दुसऱ्या कंपनीचं असेल आणि त्याने पूर्ण पैशाचं तिकीट काढलं असेल, तर त्याला कपड्यांचं काहीच बंधन नाही, फक्त गणवेश नको.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण घरात निघेलच: 'आबांना कॉकपिटमध्ये बसवता येईल का?' उड्डाण चालू असताना नाही. तिथली जादा सीट फक्त अधिकृत माणसांसाठी असते. २०२३ मध्ये दुबई-दिल्ली उड्डाणात एका कॅप्टनने मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवलं, तेव्हा डीजीसीएने त्याचं लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित केलं आणि कंपनीला ३० लाखांचा दंड केला. भावाला तसला आग्रह करून अडचणीत आणू नका.

तुमची खरी इच्छा मला कळते. पोराला त्या कपड्यांत आबांनी एकदा डोळे भरून पाहावं, गावाने पाहावं. त्या कपड्यांमागे घरचं काय काय गेलंय, शेत गहाण पडलंय की कर्ज काढलंय, ते तुम्हालाच माहीत. ती इच्छा मला रास्त वाटते आणि ती पुरी करायचा चांगला रस्ता आहे. भावाला पुढच्या महिन्याचं रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, येऊ द्या. त्याचं विमान इंदूर, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरला जात असेल तर त्या दिवशीचं, तो स्वतः चालवत असलेल्या उड्डाणाचं पूर्ण पैशाचं तिकीट आबा आणि मायसाठी काढा. तो कॅप्टनला आधी सांगेल. माझ्या अनुभवात असं कानावर आल्यावर नाही म्हणणारा कॅप्टन क्वचितच भेटतो, कित्येक जण तर स्वतःहून घोषणेत सांगतात की आज आपल्या फर्स्ट ऑफिसरचे आई-वडील विमानात आहेत. उतरल्यावर, इंजिनं बंद झाल्यावर, कॅप्टनची परवानगी असेल तर विमानाच्या दारात दोन मिनिटं भेट होते. तिथे तो पूर्ण गणवेशात असेल आणि कामावर असेल.

फोटोचं त्यालाच विचारा. घरातल्या भिंतीवर लावायला बहुधा कुणाची हरकत नसते. पण गणवेशातले फोटो व्हॉट्सॲप-फेसबुकवर टाकण्यावर बऱ्याच कंपन्यांची बंधनं आहेत, आणि गळ्यातलं ओळखपत्र वाचता येईल असा फोटो तर कुठेच जाऊ नये. तिकीट काढताना आबांचं नाव आधार कार्डावर जसं आहे तसंच घाला. आपल्याकडे घरात एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं आणि आधारवर तिसरं असतं, आणि दारावरचा जवान आधारवरचंच वाचतो.